वाचकांचे प्रश्न : आयपी बंदी नेमकी कोणाला लागते?

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी मी भाड्याच्या सर्व्हरवर ‘माइनक्राफ्ट’ हा ठोकळ्यांनी घरे बांधण्याचा खेळ चालवतो. सुट्टीत रोज दहा-बारा मुले खेळतात. त्यांपैकी तेरा वर्षांचा एक मुलगा इतरांनी आठवडाभर खपून बांधलेली घरे फोडतो आणि चॅटमध्ये घाणेरड्या शिव्या लिहितो. त्याचे खाते बंद केले, तर तो मोठ्या भावाच्या खात्यावरून परत आला. शेवटी मी त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्याच्या जोडणीला मिळालेला क्रमांक, बंद केला, आणि त्याच क्षणी आणखी तीन मुले बाहेर फेकली गेली. ती तिघेही शहाण्यासारखी खेळत होती. त्रास देणाऱ्या खेळाडूंवर आयपी बंदी घालणे योग्य आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : शिक्षा म्हणून आयपी बंदी घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती तीन मुले बाहेर का पडली हे समजून घेतले, की या मताचे कारणही आपोआप समजेल.

आपण ज्याला साधारणपणे आयपी पत्ता म्हणतो, त्या आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. आशिया-प्रशांत विभागात त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये संपत आला, आणि तेव्हापासून नव्या इंटरनेट सेवादाराला अगदी मोजकेच पत्ते मिळू लागले. ग्राहक मात्र हजारोंनी वाढत गेले. त्यामुळे अनेक ब्रॉडबँड आणि मोबाइल कंपन्या कितीतरी घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात आणि कोणाची माहिती कोणाकडे पाठवायची हे पोर्ट क्रमांकांवरून, म्हणजे प्रत्येक जोडणीला दिलेल्या आकड्यांवरून, आपल्याकडे नोंदवून ठेवतात. तुमच्या सर्व्हरला यातले घर दिसतच नाही, त्याला फक्त सगळ्यांचे मिळून असलेले फाटक दिसते. तुमच्या सोसायटीत बहुतेकांकडे एकाच केबलवाल्याचे इंटरनेट असेल, तर तुम्ही ते फाटकच बंद केलेत. ‘बॅन-आयपी’ ही आज्ञा दिली, की त्या पत्त्यावरून खेळत असलेला प्रत्येक जण बाहेर जातो, कारण आज्ञेला माणूस ठाऊक नसतो. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात, ते हेच.

याची खात्री तुम्हाला स्वतः करून घेता येईल. त्या मुलांच्या पालकांना राउटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीचा, म्हणजे ‘वॅन’चा पत्ता पाहायला सांगा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर ते घर सामायिक पत्त्यामागे आहे. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही सेवादार याच कामासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात.

सामायिक पत्ता बंद केल्यावर किती लोक अडकू शकतात, याचे उदाहरण खेळांच्या बाहेरचे आहे, पण ते मला नेहमी आठवते. २००६ संपून २००७ सुरू होत असताना विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी खोडसाळ संपादने थांबवण्यासाठी एक पत्ता बंद केला. तो कतारच्या दूरसंचार कंपनीचा होता, आणि त्या देशातली जवळजवळ सगळी इंटरनेट वाहतूक त्याच पत्त्यावरून बाहेर पडत होती. काही तासांत बंदी उठवली गेली, परंतु तेवढा वेळ एका खोडकराच्या नावाने एका देशाला विनाखात्याचे संपादन करता येत नव्हते. तिथे निदान चूक लगेच लक्षात आली. खेळाच्या सर्व्हरवर बंदी लागलेले मूल मुकाट्याने खेळ बंद करते आणि आपण काय केले याचा विचार करत बसते. मला याच गोष्टीचे सर्वांत वाईट वाटते.

आणि ज्याच्यासाठी हे सगळे केले, तो कुठे अडतो? फोनवर विमान मोड चालू-बंद केला किंवा राउटर काही वेळ बंद ठेवला, की बरेचदा पत्ता बदलतो. शिवाय आपला पत्ता लपवून दुसऱ्याच पत्त्यावरून जोडून देणारे व्हीपीएन आहेच. मुद्दाम त्रास देणाऱ्याला हे मार्ग दोन दिवसांत माहीत होतात. ज्याने काही केलेले नाही, त्याला आपल्यावर बंदी का आली हेच कळलेले नसल्याने तो पळवाट शोधायलाही जात नाही.

मग ही बंदी अस्तित्वात तरी का आहे? कारण काही ठिकाणी खाते बंद करून काहीच साधत नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे खाते विकत घ्यावे लागते, म्हणून तिथे खाते गेल्याची झळ बसते. फुकटच्या खेळात नवे खाते पाच मिनिटांत निघते. तुमच्या सर्व्हरच्या मांडणीत ‘ऑनलाइन-मोड’, म्हणजे खाते खरे आहे का हे तपासणारी सोय, बंद असेल, तर तुमची अवस्थाही तशीच आहे, कारण मग कोणीही कोणतेही नाव घेऊन आत येऊ शकतो आणि नावावरच्या बंदीला काही अर्थ उरत नाही. ते आधी तपासा. मोठ्या कंपन्यांनी म्हणूनच दुसरे मार्ग धरले. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये २०१७ पासून खेळाडूच्या वागणुकीवरून विश्वासाचे माप ठरते आणि साधारण सारख्या मापाचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, ‘डोटा २’मध्ये खेळ अर्धवट सोडणाऱ्याला वेगळ्या, कमी प्राधान्याच्या रांगेत खेळावे लागते. ‘व्हॅलोरंट’ फसवणूक करणाऱ्याचा संगणकच ओळखून बंद करते. ही शेवटची पद्धत आयपी बंदीपेक्षा नेमकी असली, तरी निर्दोष नाही. बंदी लागलेला संगणक किंवा फोन पुढे जुन्या बाजारात विकला गेला, तर शिक्षा नव्या मालकाच्या गळ्यात पडते.

एका प्रसंगी मात्र मी स्वतः आयपी पत्ता बंद करीन. सर्व्हरवर खोट्या विनंत्यांचा मारा होत असेल, किंवा एकाच ठिकाणाहून शेकडो बनावट खाती उघडली जात असतील, तर तिथे थांबवायची असते ती वाहतूक, आणि वाहतुकीचा पत्ता हाच तिचा खरा धागा असतो. तेव्हाही बंदी काही तासांची असावी, कारण पत्ता उद्या दुसऱ्याच घराकडे गेलेला असेल. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत प्रत्येक घराला किंवा फोनला पत्त्यांचा स्वतंत्र गट मिळत असल्याने तिथे हा दोष पुष्कळ कमी होतो, पण बंदी एकेका पत्त्यावर न घालता त्या गटावर घालावी लागते.

तुमच्यापुरते सांगायचे, तर आजच ‘पार्डन-आयपी’ ही आज्ञा देऊन ती आयपी बंदी काढा आणि त्या तीन मुलांना घडलेली चूक आपण होऊन सांगा. ‘व्हाइटलिस्ट’, म्हणजे फक्त ठरावीक नावांनाच आत घेणारी यादी, चालू करा. दहा-बारा नावे लिहायला पाच मिनिटे पुरतील, आणि भावाचे नाव भावाच्या संमतीनेच ठेवा. सर्व्हर ‘पेपर’ या सर्व्हर-प्रणालीवर चालत असेल, तर ‘कोअरप्रोटेक्ट’ हे प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, बसवा. कोणी कोणता ठोकळा कधी फोडला याची नोंद ते ठेवते आणि एका खेळाडूने दोन तासांत केलेली मोडतोड एका आज्ञेत पूर्ववत करते. घरे परत उभी राहतात हे दिसले, की फोडण्यातली गंमत बरीचशी जाते. आणि तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे, जी कोणत्याही कंपनीकडे नाही : तो मुलगा कोणत्या मजल्यावर राहतो हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आईवडिलांकडे जा, त्यालाही समोर बसवा, नोंदी दाखवा, आणि त्याच्या खात्यावरची आठ दिवसांची बंदी कशासाठी आहे व ती कधी संपेल हे त्याला तोंडाने सांगा.

प्रश्न : माझ्या मुलाला एका मोबाइल खेळात ‘तुमच्या नेटवर्कवर बंदी आहे’ असा संदेश येतो. त्याने काही केले नाही असे तो शपथेवर सांगतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवावा का?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, अवश्य ठेवा. संदेशात खात्याचा उल्लेख नसून नेटवर्कचा आहे, तेव्हा शेजारच्या कोणाच्या तरी वागण्याचा फटका त्याला बसला असण्याची शक्यता बरीच आहे. तुमच्या फोनचे मोबाइल इंटरनेट देऊन त्याच खात्यावरून खेळ उघडून पाहा. उघडला, तर खाते स्वच्छ आहे. त्यानंतर त्या संदेशाचे छायाचित्र, तारीख आणि वेळ जोडून खेळातल्या मदत विभागाकडे तक्रार करा आणि आमची जोडणी अनेक घरांच्या सामायिक पत्त्याची असू शकते, हे त्यात आवर्जून लिहा. वेळ मिनिटासकट लिहा, कारण एकाच पत्त्यामागच्या अनेक ग्राहकांमधून तुमचे घर वेगळे काढायला ती लागते. ब्रॉडबँडवाल्याकडे स्वतंत्र, स्थिर पत्ता मागता येतो, पण बरेच जण त्याचे वेगळे पैसे घेतात. केवळ एका खेळासाठी तो खर्च करण्याआधी तक्रारीच्या उत्तराची वाट पाहा.