युरोप येण्याआधी मराठवाडा जगात नव्हता, असं वाटणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आहे: "स्पर्धा परीक्षेसाठी जागतिक इतिहास वाचतोय. सगळं १४९८ पासून सुरू होतं. व्यापार आणि वसाहतवाद युरोपच्या नजरेबाहेर पडून कसा समजून घ्यायचा?"

पहिलं म्हणजे समुद्रकिनारा सोडून जरा आत या. जहाजं मोजत बसलं की इतिहास जहाजवाल्यांचाच होतो. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला हे आपण घोकतो, पण त्याला आफ्रिकेच्या मलिंदी बंदरावर वाटाड्या मिळाला होता हे सोडून देतो. वाटाड्या मिळतो म्हणजे वाट वहिवाटीची असते. जहाजात भरलेला माल विणला कुणी, घाट उतरवून बंदरावर आणला कुणी, त्याचा भाव कुठं ठरला, हे विचारायला लागा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

मी धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर इतिहास शिकवते. हा वाद माझ्या घरात बरीच वर्षं चालू आहे, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

महालक्ष्म्यांना आमच्याकडं सगळं खानदान जमतं. माझे थोरले दीर पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. पुतण्या तुमच्यासारखाच परीक्षेचा अभ्यास करतो. जेवणं उरकून सगळे ओसरीवर बसले होते आणि पुतण्यानं हाच विषय काढला. भाऊजी म्हणाले, "जागतिक इतिहासात आपला संबंध येतो कुठं रे? इंग्रज आले म्हणून आपण जगाला कळलो. नाहीतर मराठवाडा अजून बैलगाडीतच फिरला असता." बाहेरच्या माणसानं म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. हे त्याच मातीत वाढलेला माणूस म्हणतो, तेही शिकणाऱ्या पोरासमोर, याचा मला राग आला. मी म्हटलं, "भाऊजी, उद्या विसर्जन झालं की तेरला चला."

गेलो. गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं आणि तिथून संग्रहालयात. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, त्यावर हे संग्रहालय उभं आहे. रोमन नाण्यांच्या ठशाची मातीची पदकं, रोमन धाटणीचे दिवे, शाडूच्या मूर्ती, मण्यांचे ढीग आणि हस्तिदंताची एक बाई. हे सगळं बहुतेक सातवाहन काळातलं. तसल्याच हस्तिदंती बाईची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात निघाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधीच तिकडं पोचली होती. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती मिळाल्या त्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला.

भाऊजींचं म्हणणं, "एखादी मूर्ती कुणीतरी नेली असेल. द्यायला आपल्याकडं होतं काय?"

मग मी त्यांना पेरिप्लस सांगितलं. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्यात गुजरातच्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे हेच तेर. पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून साधं कापड ढिगानं, शिवाय मलमल. आणि हा माल भडोचला जातो कसा, तर गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून. भाऊजींना म्हटलं, तुम्ही ज्या बैलगाडीवरून आम्हाला मागास ठरवता, त्याच गाडीतून तेरचं कापड रोमच्या बाजारात गेलं.

पुतण्यानं चांगला प्रश्न विचारला: "काकू, बदल्यात काय यायचं?" भडोचला दारू यायची, त्यात इटलीच्या दारूला पसंती. तांबं, कथील, शिसं, पोवळं यायचं. आणि सोन्याचांदीची नाणी, कारण इथल्या चलनात ती बदलली की फायदा व्हायचा. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. त्याचा आकडा फुगवलेला असू शकतो, तक्रार मात्र खरी आहे. पुढं सोळाव्या-सतराव्या शतकातही तेच चित्र दिसतं. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोतोसीची चांदीची खाण सापडल्यावर तिकडची चांदी युरोपमार्गे आणि फिलिपाईन्समधल्या मनिलामार्गे आशियात येत राहिली. युरोपकडं आपल्याला विकण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून ते चांदी घेऊन यायचे. इंग्लंडला तर १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून आपलं छापील सुती कापड अडवावं लागलं. घरच्या विणकराला वाचवायला कायदा करावा लागतो, तो समोरचा माल सरस आणि स्वस्त असतो म्हणून.

भाऊजी हार मानणारे नव्हेत. म्हणाले, "हे लिहिलंय ग्रीकानंच ना? म्हणजे पुन्हा गोऱ्याचीच साक्ष." मुद्दा चांगला होता आणि त्याचं उत्तरही आपल्याकडंच आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले. ठेवले कुणाकडं? कोष्ट्यांच्या श्रेणींकडं. दोन हजार एका श्रेणीकडं दरमहा शेकडा एक व्याजानं आणि एक हजार दुसरीकडं शेकडा पाऊण व्याजानं. राजघराण्यातला माणूस विणकरांच्या संघाकडं पैसे ठेवतो आणि व्याज कायम मिळत राहील असा भरवसा धरतो. सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या, म्हणजे भोकरदनच्या लोकांच्या देणग्या कोरलेल्या आहेत. हे कुणा परदेश्यानं लिहिलेलं नाही.

परतताना त्यांनी शेवटचा मुद्दा काढला. "बरं, बार्शी लाईट रेल्वे कुणी आणली?"

त्याला मी बोलायच्या आधी आत्याबाई बोलल्या. त्या एरवी आमच्या वादात पडत नाहीत. "आमचे आप्पा कापसाच्या गाड्या बार्शीला न्यायचे. म्हणायचे, भाव बार्शीत न्हाई ठरत बाई, ममईवरनं तार येती. तार पडली की सगळा बाजार गप."

वसाहतवाद म्हणतात तो हा, आणि तुमच्या परीक्षेच्या उत्तरात हाच फरक यायला पाहिजे. व्यापार पहिल्यापासून होता. बदलली ती सत्ता, माल कुणाच्या अटीवर जाणार याची. त्यासाठी पाठ करायचं साल १४९८ नव्हे, १७६५. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करायचा हक्क, मिळाला. तोवर माल घ्यायला चांदी आणावी लागायची. त्यानंतर बंगालच्या रयतेकडून गोळा केलेल्या साऱ्यातूनच बंगालचा माल खरेदी व्हायला लागला. म्हणजे ज्याचं कापड, त्याच्याच खिशातून त्याची किंमत. याला व्यापार म्हणणं मला मान्य नाही.

आपल्याकडं हेच निजामाच्या आडून झालं. १७९८ मध्ये हैदराबादच्या निजामानं इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. पुढं हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचा खर्च त्याच्या माथी मारला. त्या फौजेच्या छावण्या आपल्याच जालन्यात, हिंगोलीत, मोमिनाबादेत, म्हणजे अंबाजोगाईत होत्या. खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड काढून घेतलं. वऱ्हाडच का, तर कापसाची काळी जमीन. बार्शी लाईट १८९७ मध्ये सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली. कंपनी लंडनमध्ये नोंदलेली. पंढरीचे वारकरी त्या गाडीत बसले, माझे सासरेही बसले, सोय झाली हे मी नाकारत नाही. पण सोय झाली म्हणून उपकार झाले, हे म्हणणं मी ऐकून घेणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकांत जवळजवळ नसतेच. जगाशी संबंध म्हणजे युरोपशी संबंध, ही समजूत मराठवाड्यात तर टिकायलाच नको. आपली ज्वारी मूळची आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूची. युरोपचा काही संबंध नसताना हजारो वर्षांपूर्वी ती इकडं आली आणि आपलं रोजचं अन्न झाली. मलिक अंबर इथियोपियात जन्मला, गुलाम म्हणून बगदादमार्गे दख्खनेत विकला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातून शहरात पाणी आणणारी नहर त्याची. मुघलांना त्यानं आयुष्यभर झुलवलं, १६२६ मध्ये गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. आफ्रिका, अरबस्तान आणि दख्खन जोडणारं एवढं आयुष्य आपल्या उशाशी असताना जागतिक इतिहासाची सुरुवात लिस्बनपासून करायची, हे मला पटत नाही.

आता थोडं तुम्हाला सावध करायला पाहिजे, कारण माझं लिखाण वाचून काहीजण भलत्याच दिशेला जातील. जुना व्यापार गोड नव्हता. ज्या पेरिप्लसचा मी एवढा अभिमान बाळगते, त्यातच राजासाठी गाणारी पोरं आणि देखण्या मुली आणल्या जात, असं लिहिलंय. मलिक अंबरला विकणारे युरोपियन नव्हते. तेरचं कापड कुणी विणलं, त्याच्या पदरात काय पडलं, हे आपल्याला त्याच्या तोंडून कधीच ऐकायला मिळणार नाही. कंपनीची फौज म्हणजे बहुतेक आपलीच माणसं. २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज आणि मराठ्यांची असईची लढाई झाली ती याच भोकरदन तालुक्यात. तिथं इंग्रज सेनापती वेलस्लीकडून लढलेले बहुसंख्य भारतीयच शिपाई होते, आणि शिंद्यांच्या पायदळाला शिकवणारे अधिकारी युरोपियन. त्यामुळं गोरे वाईट आणि आपण बिचारे, एवढं लिहून गुण मिळवायला जाऊ नका. आणि आमच्या आजोबांच्या पिढीला जाच होता तो जहागीरदारांचा आणि निजामाचा, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्याचं नाव वसाहतवादाच्या यादीत नसतं, म्हणून तो कमी होत नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर एक वस्तू धरा आणि तिच्या मागं जा. कापड, चांदी, कापूस, काहीही. ती कुठं तयार झाली, किंमत कशात दिली गेली, भाव कोण ठरवत होतं आणि ते ठरवणारं ठिकाण कधी बदललं, एवढ्याची टिपणं काढा. पुतण्याला मी हेच करायला लावलंय. त्यानं कापूस घेतलाय आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धापर्यंत आलाय. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाड-खानदेशात भाव भडकले, युद्ध संपलं तसे पडले. त्या वर्षांचे भाव त्यानं भाऊजींना पाठवले. भाऊजींचं अजून उत्तर आलेलं नाही.

तुम्ही कधी इकडं आलात तर ढोकीवरून तेरला या. पाऊस उघडल्यावर या, पांढरीची टेकाडंही चालत बघता येतात. मणी दिसले तर उचलून घरी नेऊ नका, संग्रहालयात द्या.