गोठ्याचे प्रश्न : गाय आटवायची कधी, चीक पाजायचा कधी

प्रश्न : आमच्याकडे घरापुरती एकच जर्सी क्रॉस गाय आहे. तिसऱ्यांदा गाभण, आखाजीच्या आठ-दहा दिवस पुढे व्यायचा टाईम आहे. आता होळी आली तरी दोन टाईमचं मिळून तीनेक लिटर देते. शेजारचे म्हणतात देते तोवर काढा, घरचं दूध कशाला सोडता. पण मागच्या वेताला व्यायल्याबरोबर एका सडातून गुठळ्या आल्या होत्या, त्याची भीती वाटते. (एक वाचक, ता. चोपडा)

उत्तर : भाऊ, शेजारी दूध प्यायला येतील, दगडी (कास सुजून दूध नासण्याचा रोग) झाली तर डॉक्टरचं बिल भरायला येणार नाहीत. व्यायच्या आधी ६० दिवस धार बंद करून कासेला सुट्टी पाहिजेच (यालाच आटवणं म्हणतात), अगदीच कमी म्हणजे ४५, त्याच्या खाली गेलात तर पुढच्या वेताला दूधच कमी बसतं. म्हणजे तुम्हाला आत्ताच हात घालावा लागेल.

आधी चारी सडांचं दूध डॉक्टरकडून तपासून घ्या, कारण बऱ्याचदा दूध दिसायला चांगलं असतं आणि आत दगडी लपलेली असते. मग सरकी ढेप कमी करत बंद करा, नुसता कडबा आणि पाणी ठेवा (पाणी तोडायचं नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही), चार-पाच दिवसांत दूध कमी होतं आणि मग एक दिवस ठरवून शेवटची धार पूर्ण काढायची, थेंब ठेवायचा नाही. त्याच वेळी चारी सडांत डॉक्टर सांगतील ती ड्राय काऊ ट्यूब (आटवताना सडात सोडायचं औषध) सोडायची. फक्त दुखरा होता त्या सडात नाही, चारीत. सडाची टोकं स्पिरिटच्या कापसाने पुसायची, प्रत्येक सडाला नवा कापूस, आणि पुसताना आधी पलीकडचे दोन सड मग अलीकडचे, ट्यूब सोडताना मात्र उलटं, आधी अलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला आपलं मनगट घासत नाही. ट्यूबचं नुसतं टोक आत गेलं तरी पुरे, पूर्ण खुपसली तर बाहेरची घाण आत जाते.

त्यानंतर कास तीन-चार दिवस भरलेली दिसेल आणि घरातल्या कोणाला तरी राहवणार नाही, "जरा हलकी करू" म्हणून बसेल धारेला. नका करू. सडाच्या भोकात आतून एक बूच तयार होतं, तेच जंतूंना अडवतं, तुम्ही पिळलं की ते बूच गेलं. कास गरम, लाल, दुखरी वाटली किंवा गायीने खाणं सोडलं तरच डॉक्टरला बोलवा. १९६२ ला फोन केला तर फिरता दवाखाना येतो.

अजून एक, व्यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे आपल्या मनाने कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. आपल्याकडे हे फार चालतं, कॅल्शियम म्हणजे चांगलंच असं धरून. बाहेरून भरपूर मिळालं की हाडांतलं कॅल्शियम काढायची गायीची सवय मंदावते आणि व्यायल्यावर चीक-दूध सुरू झालं की एकदम कमी पडतं. मग गाय बसते, कान थंड पडतात, मान पोटाकडे वळवते. अशा बसलेल्या गायीला तोंडातून काही ओतायचं नाही, फुफ्फुसात जातं. शिरेतून कॅल्शियम देणं डॉक्टरचंच काम, तेही हळूहळू.

प्रश्न : आमच्या सासूबाई जार (वासरामागून बाहेर पडणारी वार) पडेपर्यंत वासराला पिऊ देत नाहीत, म्हणतात जार अडकतो. खरं आहे का? (एक वाचक, ता. साक्री)

उत्तर : ताई, उलटंच आहे, वासरू ओढायला लागलं की पान्हा सुटतो आणि त्याच पान्ह्याच्या जोरावर गर्भाशय आवळतं, जार पडायला मदतच होते. शिवाय गायीच्या पोटात असताना वासराला रोगाशी लढायची शक्ती आईकडून मिळत नाही, ती सगळी चिकातून मिळते, आणि वासराचं आतडं ती शक्ती पहिल्या काही तासांतच नीट ओढून घेतं, एक दिवस गेला की दार बंद. त्यामुळे पहिल्या तासाभरात पाजायचं. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा दिवसभरात, म्हणजे २५ किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर, दोन-तीन वेळा मिळून. खरवस त्याच्यातून उरला तर. सासूबाईंना नातवाचं उदाहरण देऊन सांगून बघा, ऐकतील.

जार बहुतेक वेळा ८ ते १२ तासांत पडतो. लोंबतोय म्हणून ओढू नका, त्याला दगड-चप्पल बांधू नका, आत तुटला तर गर्भाशय सडतं आणि गाय पुढे लवकर फळत नाही. बारा तास उलटले की डॉक्टर. आणि वासराची नाळ दोन-तीन बोटं सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधा, खाली कापा, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, शेण-राख काही लावू नका.

प्रश्न : पहिलारू कालवड आहे, व्यायला आठवडा आहे, कास फुगून बेंबीपर्यंत सूज आली. दगडी झाली का? (एक वाचक, ता. शहादा)

उत्तर : बोटाने दाबून बघा. खड्डा पडून तसाच राहतो, कास गरम नाही, कालवड खातेपिते, तर ती व्यायच्या आधीची नेहमीची सूज आहे, पहिलारूला जास्त येते, व्यायल्यावर आठ-दहा दिवसांत उतरते. मीठ जास्त देऊ नका, रोज थोडं चालवा, आणि व्यायच्या आधी धार काढू नका, चीक वाया जाईल. गोठ्यात बसायची जागा मात्र कोरडी ठेवा, ओल्या शेणात ती फुगलेली कास टेकली की खरी दगडी तिथूनच येते. व्यायल्यावरही धार झाली की सड आयोडीनच्या औषधात बुडवा आणि लगेच पुढ्यात चारा टाका, अर्धा तास उभी राहिली पाहिजे, तोवर सडाची भोकं उघडी असतात.