मांड्या भरून येतात, पण गोळी परस्पर बंद करू नका

प्रश्न : वय ५८, परभणी जिल्हा, शेती. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. कोलेस्टेरॉलची कॅप्सूल सुरू झाल्यावर महिनाभरात दोन्ही मांड्या भरून यायला लागल्या, खताचं पोतं उचलवेना. आठ दिवसांपासून कॅप्सूल बंद केली आहे. चालेल ना?

उत्तर : नाही. आजच ती पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा. पट्टीच्या मागे ॲटोरव्हास्टॅटिनबरोबर क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन लिहिलं असेल, तर रक्ताची गुठळी रोखणारी दोन औषधंही तुमची सुटली आहेत. अँजिओप्लास्टीत बसवलेल्या स्टेंटला (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीला) वर्षही झालेलं नाही, त्यात गुठळी अडकू शकते. मला तुमच्या मांड्यांपेक्षा याची जास्त काळजी वाटते.

आता मांड्या. ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना, मोठ्या स्नायूंत आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत-महिन्यांत येतं. एकच गुडघा किंवा एकच टाच दुखत असेल तर कारण दुसरं शोधावं. ब्रिटनमध्ये असा त्रास झालेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी दिली. २०२० साली निकाल आला : जवळजवळ ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला होता. म्हणजे दुखणं खोटं नव्हे. पण ते दरवेळी औषधाचंच असतं असंही नाही.

म्हणून सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक), थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. थायरॉइड मंद असेल तर त्यानेही स्नायू दुखतात. सोयाबीन काढणीच्या दुसऱ्या दिवशी मात्र रक्त देऊ नका. अंगमेहनतीनेही सीपीके वाढतं. दोन-तीन दिवस जड काम टाळून द्या. मग डॉक्टर डोस कमी करतील, रोसुव्हास्टॅटिन देतील, कधी दिवसाआड देतील किंवा सोबत इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचंच वेगळं औषध जोडतील. बहुतेकांना यातलं काही ना काही सोसतं.

लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि हातपाय गळाले, तर मात्र स्टॅटिन थांबवून तडक दवाखाना गाठा. हे क्वचितच होतं, पण त्यात किडनीला धोका असतो.

प्रश्न : जांघेतल्या गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल सुरू केलं, आठवड्यात पोटऱ्या दुखू लागल्या. ॲटोरव्हास्टॅटिन दोन वर्षांपासून घेतो. (नांदेड)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. इट्राकोनॅझोलमुळे ॲटोरव्हास्टॅटिन शरीराबाहेर पडायला वेळ लागतो, रक्तातलं प्रमाण वाढतं. सिम्व्हास्टॅटिनबरोबर तर ते देतच नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. आपल्याकडे त्वचेचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा आणि कधी गोळी थेट मेडिकलवरूनच. त्यामुळे दोन चिठ्ठ्या एकमेकींना भेटतच नाहीत. दोन्ही पट्ट्या एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. गजकर्णाचं किंवा कोलेस्टेरॉलचं, यातलं एक औषध त्यांना बदलता येतं.

प्रश्न : स्टॅटिनने शुगर वाढते का? (लातूर)

उत्तर : थोडी वाढू शकते, विशेषतः आधीच काठावर असलेल्यांची. हृदयविकार टाळण्याचा फायदा त्याहून मोठा आहे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) तपासत राहा.

प्रश्न : मोटारीची लाइट रात्री येते, पाणी धरायला शेतात जावं लागतं, रात्रीची गोळी राहून जाते. (जालना)

उत्तर : ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, रोज एकाच वेळी घ्या म्हणजे झालं. सिम्व्हास्टॅटिन असेल तर ते रात्रीचंच. तुमच्या पट्टीवर पहिल्या दोन्हींपैकी नाव असेल, तर डॉक्टरांना सांगून सकाळच्या न्याहारीनंतर घ्यायला लागा.