गवतातील बुरशी आणि तिची जनुके

प्रश्न : गवताच्या आत राहणारी बुरशी गवताला मारत का नाही? तिच्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) जनुकांशी याचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. आपल्या अंगणातील दूर्वा नव्हे, तर थंड हवेच्या प्रदेशातील रायगवत आणि फेस्क्यू ही एपिक्लोई बुरशीची घरे होत. पानाच्या आवरणाची साल सोलून ॲनिलीन निळ्याने रंगवली, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या मधून जाणारे तिचे लांब, नागमोडी धागे दिसतात. ते पेशीत शिरत नाहीत आणि पानाच्या वाढीबरोबरच लांबतात. ही शिस्त जनुकांची आहे. बुरशीचे नॉक्स-ए हे जनुक ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार करणारे विकर घडवते. 2006 मध्ये जपान व न्यूझीलंडच्या संशोधकांनी ते निकामी केले, तेव्हा तीच बुरशी बेसुमार वाढली, रायगवत खुरटले आणि अकाली मेले. एका विकराअभावी सोबतीण वैरीण व्हावी, हे मला विलक्षण वाटते. तिच्या पेर-ए जनुकाचे विकर पेरामीन हे रसायन बनवते, ज्यामुळे खोड पोखरणारा भुंगेरा गवताकडे फिरकत नाही. एलटीएम जनुकांपासून होणाऱ्या लोलिट्रेम-बी या विषाने मात्र चरणाऱ्या मेंढ्या थरथरतात आणि कोलमडतात. म्हणून न्यूझीलंडमध्ये लोलिट्रेम न बनवणारे बुरशीचे निवडक वाण बियाण्यात वापरतात.