बोलिव्हियाची राजधानी पाठ नाही झाली तरी चालेल

प्रश्न : ताई नमस्कार, आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे, दोन वर्षं झाली त्याला घरीच शिकवतोय. गणित, सायन्स, मराठी वाचन सगळं मस्त चाललंय पण जगाचा भूगोल काढला की पठ्ठ्या जांभया द्यायला लागतो. भिंतीवर हा मोठा नकाशा लावलाय, रोज दोन देश आणि त्यांच्या राजधान्या असं ठरवलं होतं, पण सोमवारचं शुक्रवारी विसरलेलं असतं. त्यात सासरे दर रविवारी येतात आणि "सांग बघू, बोलिव्हियाची राजधानी काय?" असं विचारतात, त्याला आलं नाही की माझ्याकडे बघतात. (मलाही येत नाही, हे तुम्हालाच सांगते.) त्याला आवडतं काय म्हणाल तर क्रिकेट आणि खाणं. काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर : आधी सासऱ्यांचा बंदोबस्त करू. येत्या रविवारी मुलालाच उलटं विचारू द्या, "आजोबा, कुठली सांगू?" कारण बोलिव्हियाच्या राज्यघटनेत राजधानी आहे सुक्रे, आणि सरकार बसतं ला पाझला. आणि हे ला पाझ साडेतीन हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर वसलंय, तुमचं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी ते शहर अजून वरच राहतं. तिथे माणसं रोज ऑफिसला जातात, भाजी आणतात, फुटबॉल खेळतात. एवढं ऐकल्यावर पोरगं "मग त्यांना दम नाही लागत?" असं विचारणारच, आणि हा जो प्रश्न आहे ना, तो म्हणजे भूगोल. राजधानीचं नाव फार तर त्याचं लेबल.

तेव्हा राजधान्यांचं पाठांतर उद्यापासून बंद करा, अगदी खरंच बंद. झेंड्यांची फ्लॅशकार्डंही आणली असतील तर ठेवून द्या, मला ती कधीच झेपली नाहीत, पोरं झेंडा ओळखतात आणि देश कुठे आहे विचारलं की छताकडे बघतात.

आता क्रिकेट. २०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप त्याने जागून बघितला असेलच. फायनल आपल्याकडे रात्री आठला सुरू झाली आणि टीव्हीवर तर लख्ख ऊन, कारण बार्बाडोसला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. बार्बाडोस नकाशावर शोधायला सांगा, वेळ लागेल त्याला, कारण तो अख्खा देश मुंबईपेक्षाही लहान आहे. मग आपली सेमीफायनल कुठे होती? गयानात. आणि गयाना बेट नाहीच, ते थेट दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे. म्हणजे "वेस्ट इंडिज" नावाचा देशच नाही, वेगवेगळे देश मिळून एक टीम पाठवतात, हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. गयानाच्या टीममधून आलेला वेस्ट इंडिजचा फलंदाज शिवनारायण चंदरपॉल, हे नाव तिकडे कसं पोचलं? उसाच्या मळ्यांवर इंग्रजांनी करारावर नेलेले भारतीय मजूर, गिरमिटिये. इथे इतिहास सुरू झाला तर होऊ द्या, घरी शिकवताय तर तासाची घंटा कुठे वाजणार आहे.

डिसेंबरमध्ये मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट लावा. आपण स्वेटर घालून बसलोय आणि तिकडे लोक टोप्या घालून, नाकाला क्रीम फासून उन्हात. का? उत्तर लगेच देऊ नका, दोन दिवस त्याला डोकं खाजवू दे. न्यूझीलंडमधली टेस्ट आपल्याकडे पहाटे साडेतीन-चारला का सुरू होते हेही तसंच. एखादा शब्द पाठ न करता रेखावृत्तं, गोलार्ध, ऋतू सगळं येऊन जातं.

दुसरं खाणं, आणि इथे तर मला थांबवावं लागेल. पुढच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी करताना त्याला ओट्याशेजारी उभं करा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा (कारखाने मात्र आपल्याच देशात, तमिळनाडूत सेलमला). शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, साधारण त्याच बोलिव्हियाच्या बाजूचा. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज डोंगरांतला. मिरची मेक्सिकोकडची. म्हणजे आपल्या सगळ्यात सोवळ्या पदार्थात जुन्या जगातलं काय उरलं तर तूप, जिरं आणि मीठ! १४९२ ला कोलंबस अमेरिकेला पोचला, त्याआधी साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची यातलं काहीही इकडे नव्हतं, नंतर मुख्यतः पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं, आणि १५१० पासून ते गोव्यातच ठाण मांडून होते. मग ज्ञानेश्वरांच्या काळात लोक उपवासाला काय खात असतील? आजीला विचार म्हणावं. भिंतीवरचा तो नकाशा आता कामाला येईल, टाचण्या आणि लोकरीचा धागा घ्या आणि ब्राझील, पेरू, मेक्सिकोपासून गोव्यापर्यंत आणि तिथून नाशिकपर्यंत धागे ओढा. आफ्रिकेला वळसा घालून ओढायचे हं, सुएझ कालवा १८६९ ला उघडला, तोवर जहाजांना शॉर्टकट नव्हता.

श्रीखंडात जायफळ किसताना अजून एक गोष्ट सांगा. एकोणिसाव्या शतकापर्यंत जायफळ जगात जवळजवळ फक्त इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर पिकायचं. त्यातलं रन नावाचं बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब, आणि त्यावरून डच आणि इंग्रज भांडत बसले. शेवटी १६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी रनवरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा. हो, तेच न्यूयॉर्कवालं मॅनहॅटन. दोन्ही बेटं गुगल अर्थवर उघडून शेजारी शेजारी बघायला लावा, आणि मग विचारा, तू कुठलं घेतलं असतंस?

आणि नाशिकला राहता तर एक खास तुमच्यासाठी. अंजनेरी, ब्रह्मगिरीला जाता ना? तो काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ज्या जागेवरून तो खालून वर आला ती गरम जागा आज रियुनियन बेटाखाली आहे, हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, कारण मधल्या काळात आपला भारत उत्तरेकडे सरकत आला. रियुनियनचा ज्वालामुखी अजूनही वरचेवर फुटतो, त्याचे व्हिडिओ भरपूर मिळतात. शेजारचं मॉरिशसही त्याच गरम जागेने घडवलेलं, आणि तिथे कोकणातून गेलेल्या मराठी लोकांच्या पुढच्या पिढ्या राहतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. डोंगर, ज्वालामुखी, गणपती, सगळं एका धाग्यात येतं.

एकच सांगणं, हे सगळं एका आठवड्यात उरकू नका. एक विषय घ्या, तो पोरगं सोडेपर्यंत चालू द्या, मग महिना गेला तरी जाऊ दे. आणि प्रत्येक गोष्टीनंतर "आता दहा ओळी लिहून दाखव" म्हणालात की संपलं, खिचडीसुद्धा आवडेनाशी होईल त्याला.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, घरीच शिकते. ग्लोब घ्यावा की मोठा नकाशा? मोबाइलवरचा मॅप बघून ती ठामपणे म्हणते की ग्रीनलँड भारतापेक्षा खूप मोठा आहे आणि तिला खोटं पाडता येत नाहीये.
— एक बाबा, ठाणे

उत्तर : ग्लोब. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर डोळे मिटून ग्लोब. मुलीचं काही चुकत नाहीये, नकाशाच तसं दाखवतो. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ ला हा नकाशा खलाशांसाठी काढला, होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं की रेघ सरळ यावी म्हणून, त्या नादात ध्रुवाजवळचे देश फुगले. खरे आकडे असे : ग्रीनलँड साधारण २१.६६ लाख चौरस किलोमीटर, भारत ३२.८७ लाख, आणि आफ्रिका तीन कोटींच्या वर, म्हणजे ग्रीनलँडच्या चौदा पट, पण मोबाइलवर दोन्ही सारखेच वाटतात.

पण आकडे सांगून पटवू नका. एक संत्रं घ्या, त्यावर स्केचपेनने खंडं काढायला सांगा, मग साल अखंड सोलून पाटावर सपाट बसवायला लावा. फाटणारच. न फाटता बसवायचं तर कुठेतरी ताणावं लागणार, आणि ताणलं की ग्रीनलँड झालाच. मग ग्लोबवर ट्रेसिंग पेपर ठेवून ग्रीनलँड गिरवा आणि भारतावर ठेवून बघा. द ट्रू साइज नावाची एक वेबसाइटही आहे, तिथे देश उचलून दुसरीकडे सरकवता येतो, भारत उचलून वर उत्तरेला नेला की कसा फुगतो ते बघून मोठी माणसंसुद्धा अर्धा तास खेळत बसतात.

ग्लोब घेताना दिवावाला, बोलणारा असला काही घेऊ नका, साधा, फिरणारा आणि नावं वाचता येतील एवढा मोठा बस. भारताची सीमा नीट दाखवलीय ना तेवढं दुकानातच बघून घ्या.

प्रश्न : माझी नात टोरांटोला असते, तिलाही घरीच शिकवतात. मी कोल्हापुरात बसून भूगोलात तिला काय मदत करणार? रोज व्हिडिओ कॉल असतो पण बोलायचं काय तेच सुचत नाही.
— एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, तुमच्याइतकं चांगलं साधन कुठल्या शाळेकडे नाही. तुम्ही दोघींनी एकेक वही करायची. आठवड्यातून एकदा, समजा दर रविवारी, आपापल्या गावात सूर्य किती वाजता मावळला ते लिहायचं आणि कॉलवर एकमेकींना सांगायचं, बास. जूनमध्ये तुमच्याकडे सातच्या सुमाराला मावळेल आणि तिच्याकडे रात्री नऊला. डिसेंबरात तुमच्याकडे सहा, आणि तिच्याकडे पावणेपाचलाच अंधार! तुमचा फरक तासाभराचा, तिचा चार तासांहून जास्त (त्यातला एक तास उन्हाळ्यात तिकडे घड्याळ पुढे करतात त्याचा). बाकीचा का, ते तिलाच शोधून तुम्हाला सांगू द्या, बॅटरी आणि तिरका धरलेला चेंडू घेऊन. तुम्हाला माहीत असलं तरी माहीत नाही असं दाखवा.

दुसरी गंमत वाराची. हिवाळ्यात तुम्ही शनिवारी सकाळी सातला कॉल लावलात तर तिच्याकडे शुक्रवार रात्रीचे साडेआठ, म्हणजे तुम्ही उद्यात बसून तिच्याशी बोलताय. मार्चमध्ये ते घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरात मागे, तेव्हा तुमचा हिशोब बिघडेल, तो तिलाच करायला लावा. आणि जूनमध्ये पहिला पाऊस आला की खिडकीतून दाखवा, मग तिला विंडी अ‍ॅपवर वाऱ्याचा नकाशा उघडायला सांगा. मादागास्करच्या बाजूने निघून, विषुववृत्त ओलांडून, सोमालियाला वळून कोकणाकडे येणारे वारे हलताना स्पष्ट दिसतात, तुमच्या अंगणातला पाऊस कुठून निघालाय ते ती टोरांटोत बसून बघेल.

प्रश्न : हे सगळं गंमतजंमत ठीक आहे हो, पण पुढे दहावीला काय? परीक्षेत कुणी खिचडी विचारणार नाही.
— एक पालक, सोलापूर

उत्तर : खरंय, आणि तेही बघायलाच हवं. एनआयओएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळाची, दहावी वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यम आहे, भूगोल तिथे सामाजिक शास्त्राचा भाग म्हणून येतो. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे टप्पे आहेत, ते हवे तर घ्या. अभ्यासाला बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, सहावीच्या भूगोलात अक्षवृत्त-रेखावृत्तांचं छान सोपं करून दिलंय आणि दहावीचं अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून लिहिलंय, मला तरी ते आवडतं. बारा वर्षांपर्यंत मजेत जाऊ द्या, तेराव्या वर्षी पुस्तक हातात द्या आणि तेव्हा मात्र कोरे नकाशे भरायचा सराव नेमाने करून घ्या, त्याला पर्याय नाही. फॉर्म भरताना विषय आणि तारखा त्या वर्षीच्या साइटवरूनच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जुनी पीडीएफ धरून बसू नका.