जुना ट्रम्पेट बॅकअपला घेताय?

विचार उत्तम आहे, नक्की घ्या! बॅकअपला ओल्ड्स कंपनीचा जुना ‘ॲम्बॅसडर’ मिळाला तर सोनंच. कंपनी 1979 साली बंद पडली, पण तिचे विद्यार्थ्यांसाठी बनवलेले ट्रम्पेट आजही दणकट वाजतात.

नवखे लोक चकाकी बघून भुलतात. पोचे, उडालेलं लॅकर (वरचा चकचकीत थर) यांना घाबरू नका. जीव असतो तो व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे बोटांनी दाबायच्या झडपांमध्ये.

- पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड (आत-बाहेर सरकणारी नळी), व्हॉल्व्ह न दाबता, बोटभर बाहेर ओढा. दोन-तीन सेकंद थांबून व्हॉल्व्ह दाबा. ‘पॉक्’ असा आवाज आला तर हवा धरतोय. काहीच आवाज नाही? सोडून द्या. झिजलेले व्हॉल्व्ह दुरुस्त करायला वाद्यापेक्षा जास्त पैसे जातात.
- माउथपीसलगतची नळी उजेडात फिरवून बघा. गुलाबी डाग आणि मध्ये काळा ठिपका म्हणजे पितळ आतून सडतंय.
- ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) न्याच. जुनी ब्रिटिश बँडची वाद्यं उंच पट्टीची असतात, ‘ए’ हा स्वर 440 हर्ट्झऐवजी 452च्या आसपास. माझा पहिला कॉर्नेट (ट्रम्पेटचा आखूड भाऊ) असाच निघाला. स्लाइड पूर्ण ओढूनही हार्मोनियमशी जुळेना, फार वाईट वाटलं होतं.

अडकलेली स्लाइड पकडीने ओढू नका, कारागिराकडे द्या. मॉडेल, सीरियल नंबर यांचा अभ्यास नंतर.