शेतातली धावपट्टी मोडताना

प्रश्न : ताई, आमच्या शेतात 700 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद अशी गवताची धावपट्टी आहे. वडील छोटं विमान चालवायचे. ते गेल्यापासून तिथं कुणी उतरलेलं नाही. गेल्या हंगामात एका टोकाला नांगरून मका पेरला. तो गुडघाभर वाढून पिवळा पडला, पाणीही साचून राहिलं. ट्रॅक्टरवाले म्हणतात, पुन्हा खोल नांगरा. काय करावं?

उत्तर : म्हणजे जवळजवळ सव्वापाच एकर जमीन. एवढी जमीन पुन्हा पिकाखाली यावी असं मलाही मनापासून वाटतं, म्हणूनच सांगते, नांगर थोडा थांबवा. माझ्या मामांची धावपट्टी आम्ही घाईनं मोडली होती. पाऊस थांबून तीनच दिवस झाले होते. वर माती कोरडी दिसत होती, म्हणून सबसॉयलर, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणारं अवजार, लावला. खाली ओल होती. फाळानं माती फुटली नाही, उलट चोपून गुळगुळीत झाली. त्या चिरांच्या कडा मुळांना भेदता आल्या नाहीत, आणि तेच काम पुढं कोरड्या दिवसांत पुन्हा करावं लागलं.

आधी खड्डे घ्या, हातभर खोल. दोन्ही टोकांना, मध्यावर, विमान वळायचं तिथं, आणि तुलनेसाठी शेजारच्या चांगल्या शेतात. भिंतीत वरून खाली चाकू टोचत जा. जिथं तो अडतो तो तुमचा घट्ट थर. त्याची खोली मोजा आणि सबसॉयलर त्याच्या जेमतेम खाली लावा. त्याहून खोल गेलात तर डिझेल वाया जातं आणि खालची निकस माती वर येते. मातीचा रोध मोजायचं यंत्र मिळालं तर 2 मेगापास्कल हा आकडा लक्षात ठेवा. त्यापुढं बहुतेक पिकांची मुळं जवळजवळ थांबतात.

खड्ड्यात मुरूम किंवा खडी दिसली तर ती आधी उचला. एकदा मातीत मिसळली की पुढं वेचत बसाल. पट्टी सपाट करताना उंचवट्याची सुपीक माती खरवडून खळग्यात टाकलेली असते, त्यामुळं एकाच पट्टीत कुठं वीतभर काळी माती आणि कुठं चार बोटंच असं आढळेल. शेणखत सगळीकडं सारखं पसरू नका.

थर फोडल्यावर त्या भेगा जिवंत मुळांनी भरायला हव्यात, नाहीतर त्या पुन्हा बसतात. ताग किंवा तूर घ्या. पहिल्या वर्षी जड ट्रॉली पट्टीवर नेऊ नका. जुनं गवत मोडलं की हुमणीही (मुळं खाणारी अळी) बघा, गवताच्या मुळांवर ती वर्षानुवर्षं पोसलेली असते.

इंधनाची टाकी कुठं होती? विमानाच्या पेट्रोलमध्ये बहुधा शिसं असतं, आणि मातीत पडलेलं शिसं आपोआप निघून जात नाही. तिथली माती वेगळ्या पिशवीत घालून प्रयोगशाळेत द्या. अहवाल येईपर्यंत तिथं भाजीपाला, विशेषतः कंदमुळं लावू नका.

आणि विमान वाहतुकीच्या कार्यालयाला पट्टी बंद केल्याचं लेखी कळवा. दोन्ही टोकांना मोठी पांढरी फुली आखा, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळीही उतरवा. इंजिन बंद पडलेला वैमानिक वरून तुमची पट्टी शोधत आला, तर ताज्या नांगरटीत त्याचं चाक रुतेल.